साहस आणि व्यायामशक्ती : एका दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या निमित्ताने

चरकसंहितेच्या निदानस्थानात शोषाची चार कारणे सांगितली आहेत, त्यांत 'साहस' हे पहिले. आजच्या मराठीत साहस हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. आचार्यांना मात्र तेथे दोष अभिप्रेत आहे. दुर्बल असूनही बलवानाशी झुंजणे, न पेलणारे धनुष्य ओढणे, अतिभार उचलणे अशी उदाहरणे देताना त्यांनी पाण्यात अतिदूर पोहणे आणि फार लांबचा मार्ग वेगाने आक्रमिणे ही दोन उदाहरणेही दिली आहेत. पोहणे आणि धावणे या दोहोंच्या मधोमध आजच्या काळाने सायकल आणून बसविली, आणि त्या तिन्हींची एक सलग स्पर्धा केली. तिला ट्रायथलॉन म्हणतात. दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते. तिच्या अर्ध्या स्वरूपात १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर अशी विभागणी असून सर्व मिळून साडेआठ तासांची मुदत असते.

असे प्रश्न घेऊन लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावी कोणी वैद्याकडे येईल, असे आम्हांस दहा वर्षांपूर्वी वाटले नसते. येथे धानाची बांधी, चुलबंद नदी आणि जागोजागचे जुने तलाव आहेत. पोहण्याचा कृत्रिम तलाव नाही. तथापि २०२२ च्या प्रारंभी तालुक्यातीलच एक प्राथमिक शिक्षक आमच्याकडे आले. वय अडतीस. गोव्यात होणाऱ्या अर्ध्या पल्ल्याच्या आयर्नमॅन स्पर्धेत त्यांना भाग घ्यावयाचा होता. ही स्पर्धा गोव्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रथम झाली. पुढील दोन वर्षे महामारीमुळे गेली, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा व्हावयाची होती. गुरुजींची अपेक्षा साधी होती. आम्ही एखादे बल्य रसायन लिहून द्यावे.

रसायन आम्ही त्या दिवशी दिले नाही. नंतरच्या वीस महिन्यांत गुरुजींचे जे झाले, आणि त्यात आमच्याही हातून जी एक चूक झाली, ते वैद्यबंधू-भगिनींसमोर मांडावे असे वाटल्याने हा लेख.

परीक्षण कशाचे करावयाचे?

विमानस्थानातील दशविध परीक्ष्य भावांमध्ये व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान आहे, आणि ती कर्मशक्तीवरून ओळखावी असे सांगितले आहे. आपण बहुतेक वेळा प्रकृती पाहतो, अग्नी पाहतो, आणि व्यायामशक्तीच्या रकान्यात 'मध्यम' लिहून मोकळे होतो. गुरुजींच्या बाबतीत हा रकाना भरताना आमची अडचण झाली. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून अंधार पडेपर्यंत चिखलात वाकून काम करणारा हा मनुष्य. त्या कर्माच्या दृष्टीने त्यांची शक्ती प्रवर म्हणावी लागेल. सायकलचे म्हणाल तर शाळेत जाण्यायेण्याची सवय होती. पोहणे लहानपणी बोडीत शिकलेले, तेही मान वर ठेवून. त्यात ते दोनशे मीटरवर थांबत. म्हणजे एकाच देहात तीन कर्मांसाठी तीन वेगवेगळ्या शक्ती. तेव्हापासून आम्ही व्यायामशक्ती एका शब्दात लिहीत नाही. कोणत्या कर्माची, हे शेजारी लिहितो.

चाळिशीच्या जवळ आलेल्या व्यक्तीस असा श्रम सुरू करण्यापूर्वी हृदयाची आधुनिक तपासणी करवून घ्यावी, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. गुरुजींना आम्ही प्रथम त्यासाठीच पाठविले. अहवाल निर्दोष आल्यावरच पुढचे बोलणे झाले.

या स्पर्धेचा इतिहास पाहिला तरी तयारीचे महत्त्व ध्यानात येते. फेब्रुवारी १९७८ मध्ये हवाई बेटांतील ओआहू येथे जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याच्या कल्पनेतून पहिली आयर्नमॅन स्पर्धा झाली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिले आले. दुसऱ्या क्रमांकावरील जॉन डनबार यांच्या सहाय्यकांजवळचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्यांना बिअर पाजण्यात आली अशी नोंद आहे. तृष्णेची ही चिकित्सा कोणत्याही संहितेत सापडणार नाही.

आपल्याकडील उदाहरणेही बोलकी आहेत. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांना बालपणी दमा होता. पोहणे सुरू झाले ते त्या निमित्ताने. पुढे ते राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू झाले आणि २००८ साली अमेरिकेत त्यांनी पहिली पूर्ण आयर्नमॅन स्पर्धा पार केली; त्यानंतर अशा अनेक. मिलिंद सोमण यांनी जुलै २०१५ मध्ये झुरिच येथे ही स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली तेव्हा ते पन्नाशीला काही महिन्यांवर आले होते. तरुणपणी तेही राष्ट्रीय विजेते जलतरणपटू होते. दोघांच्याही पाठीशी पाण्यातील अनेक वर्षांचा अभ्यास होता, हे बातम्या वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. गुरुजींच्या पाठीशी तो नव्हता.

अर्धशक्ती म्हणजे काय

सुश्रुताचार्यांनी व्यायाम बलाच्या अर्ध्यापर्यंत करावा असे सांगून त्या अर्ध्याचे लक्षणही दिले आहे : हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे. मुखाने श्वास घ्यावा लागणे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आम्ही घेतो. कपाळ, नाक, काख व सांधे यांवर घाम येणे हेही लक्षण सांगितले आहे. परंतु आमच्या भागातील उन्हाळ्यात घाम बसल्याबसल्याही येतो, म्हणून श्वासाचे लक्षण अधिक विश्वसनीय. आजचे प्रशिक्षकही दीर्घ पल्ल्याच्या सरावाचा मोठा भाग, सहज संभाषण करता येईल एवढ्याच वेगाने करावयास सांगतात. दोन्ही वचने एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

येथे एक शंका येते, आणि गुरुजींनी ती पहिल्याच महिन्यात विचारली. अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावयाचा तर साडेआठ तासांची स्पर्धा कशी करावयाची? आमचे उत्तर असे होते की, अर्धशक्ती ही स्थिर मात्रा नव्हे. बल वाढले की त्याचे अर्धही वाढते. आज ज्या वेगाने नाकाने श्वास पुरत नाही, त्याच वेगाने सहा महिन्यांनी तो पुरला पाहिजे. सराव हा अर्ध्याचा विस्तार होय. पूर्ण शक्ती पुनःपुन्हा खर्च करणे हे साहस होय. गुरुजी साकोली-वडसा रस्त्यावर पहाटे सायकल चालवीत, तोंड उघडावे लागले की वेग कमी करीत. रस्त्यावरचे लोक हसत. अशा सायकलस्वारास बैलगाडीही मागे टाकते, हे खरे आहे.

वाढ कशी करावी याकरिता आम्ही पादांशिक क्रमाचा आधार घेतला. मूळ संदर्भ अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार चतुर्थांशाने करण्याचा आहे. सरावास तो लावणे हा आमचा विस्तार आहे, तो शास्त्रवचन म्हणून कोणी घेऊ नये. वाढीच्या तीन आठवड्यांनंतर एक आठवडा श्रम कमी, असा नियम ठेवला. भूक, झोप, मलप्रवृत्ती आणि पहाटेची नाडी यांची वही गुरुजींनी स्वतः ठेवली. आमच्या अनुभवात अतिव्यायामाची पहिली वर्दी पाय देत नाहीत, अग्नी देतो. जेवणावरची वासना गेली की दुसऱ्या दिवशी सायकल बंद.

पहिला अपयशाचा प्रसंग

नोव्हेंबर २०२२ मध्ये गुरुजी मिरामारच्या किनाऱ्यावर उतरले आणि पोहण्याच्या टप्प्यातच स्पर्धेबाहेर झाले. १.९ किलोमीटरसाठी ७० मिनिटांची मुदत होती. तलावात ते हे अंतर पासष्ट मिनिटांत पोहत असत. परत आल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, "डॉक्टरसाहेब, तलावात लाट कुठं असते?"

हा दोष सर्वस्वी आमच्या नियोजनाचा होता. तलावातील पाणी स्थिर. शिंगाड्याचे वेल टाळून पोहणे एवढीच तेथील अडचण. समुद्रात पहिल्याच लाटेला खारे पाणी पोटात गेले, श्वास तुटला, भय उत्पन्न झाले, आणि दिशा पाहण्यासाठी मान वर काढावी लागल्याने दीड-दोनशे मीटर अंतर व्यर्थ वाढले. सत्त्वपरीक्षणात आम्ही 'प्रवर' लिहिले होते. भूमीवरचे प्रवर सत्त्व पाण्यात मध्यम होऊ शकते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

पोहण्याच्या संदर्भात एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. साहसज शोषाच्या वर्णनात उराची पीडा, कास आणि रक्तमिश्रित ष्ठीवन ही लक्षणे येतात. दीर्घ अंतर पोहणाऱ्या काही व्यक्तींत पोहता पोहताच फुप्फुसांत द्रव साचून धाप, खोकला आणि गुलाबी फेसाळ कफ येतो, असे आधुनिक वैद्यकाने नोंदविले आहे. दोन्ही अवस्था एकच आहेत असा दावा आम्ही करीत नाही. मात्र पोहणाऱ्याने असे लक्षण सांगितल्यास 'पाणी गिळले असेल' म्हणून सोडू नये. त्यास पाण्याबाहेर काढून तत्काळ रुग्णालयात न्यावे.

ज्वर, आणि आमची द्विधा

पुढील वर्षीची स्पर्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये होती. पोहण्याच्या सरावात आता दोन सहकारी शिक्षक दोन्ही बाजूंनी पाणी उडवीत पोहत, गुरुजी प्रत्येक दहा हातांनंतर काठावरच्या पळसाकडे पाहून दिशा धरीत. प्रगती उत्तम होती. रोवणीचे दिवस आम्ही व्यायामाचेच धरले, वेगळा सराव दिला नाही.

ऑगस्टच्या मध्यास त्यांना थंडी वाजून ज्वर आला. रक्ततपासणीत हिवताप निघाला. औषधांचा चौदा दिवसांचा पूर्ण क्रम त्यांनी घेतला. त्यात खंड पडू नये याकडे आम्हीही लक्ष दिले. वजन चार किलोंनी उतरले. ज्वरमुक्ताने बल येईपर्यंत व्यायाम वर्ज्य करावा, हे चिकित्सास्थानातील वचन आपणां सर्वांस पाठ आहे. पण हाती सात आठवडे असलेल्या मनुष्याला ते सांगणे निराळे. गुरुजी आठव्या दिवशी सायकल घेऊन निघाले होते. त्यांच्या सौभाग्यवतींनी चाकातील हवा सोडली. आमच्या सर्व उपदेशांपेक्षा ते अधिक परिणामकारक ठरले.

तीन आठवडे विश्रांती. पेया, विलेपी, मग मुगाचे यूष, मग नेहमीचे जेवण, असा क्रम. त्यानंतर पूर्वीच्या सरावाच्या चतुर्थांशापासून प्रारंभ. स्पर्धेस साडेतीन आठवडे उरले असता आम्हांस एका प्रश्नाने ग्रासले. आचार्यांच्या व्याख्येत 'दुर्बल असूनही' हे शब्द आहेत. हा मनुष्य आता दुर्बल आहे की नाही? असेल तर यास अनुमती देणे म्हणजे साहसास साहाय्य करणे. नसेल तर दोन वर्षांचा त्याचा अभ्यास आपण भयापोटी व्यर्थ घालवीत आहोत.

निर्णय वचनाने होईना, तेव्हा परीक्षेने केला. स्पर्धेपूर्वीच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी एका दिवसात तलावात दीड किलोमीटर पोहणे, साठ किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे असा क्रम केला, नाकाने श्वास हीच वेगाची मर्यादा ठेवून. दुसऱ्या दिवशी भूक यथास्थित, मूत्राचा वर्ण स्वच्छ, नाडी नेहमीच्या गतीवर. आम्ही अनुमती दिली. अट एवढीच की, छातीत दुखणे, भोवळ किंवा बुद्धिभ्रम यांपैकी काही झाल्यास तेथेच थांबावयाचे, आणि कोणाशीही चढाओढ करावयाची नाही.

अग्नितुंडी वटीची गोष्ट

ज्वरानंतर अग्नी मंद होता म्हणून आम्ही अग्नितुंडी वटी सुरू केली होती. प्रयाणाच्या बारा दिवस आधी गुरुजींनी स्पर्धेची नियमावली वाचावयास आणून दिली. सहभागी हौशी खेळाडूंसही जागतिक उत्तेजकविरोधी नियम लागू असतात, असे तीत होते. निषिद्ध द्रव्यांच्या सूचीत स्ट्रिक्नीनचे नाव वाचून आम्ही चपापलो. स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्यातील सत्त्व, आणि कुचला अग्नितुंडी वटीत असतो; विषतिंदुक वटीत तर तो नावातच आहे. औषध त्याच क्षणी बंद केले आणि त्याऐवजी भोजनापूर्वी आले-सैंधव दिले.

वैद्यांनी ही बाब गांभीर्याने घ्यावी. श्वासाच्या रुग्णांत वापरल्या जाणाऱ्या सोमलतेतील एफेड्रिन हेही स्पर्धाकाळात ठराविक मात्रेपलीकडे निषिद्ध आहे. खेळाडू रुग्णास 'आयुर्वेदिक आहे, चालते' असे सांगणे हे अज्ञान आहे, आणि ते आमच्याकडून घडले होते. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्स यांना वाटेत अंड्याच्या बलकाबाहेरचा पांढरा भाग, ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन देण्यात आले होते. अंतिम रेषेवर ते जवळजवळ उचलूनच आणावे लागले. तेव्हा तो नियमभंग नव्हता. आज आहे.

उदक आणि लवण

तहान लागण्यापूर्वीच भरपूर पाणी प्यावे, हा उपदेश अनेक वर्षे धावपटूंना दिला गेला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम न्यून आढळले, आणि धावताना वजन वाढण्याइतके पाणी पिणे हे त्याचे प्रमुख कारण दिसले. ही अवस्था प्राणघातक होऊ शकते. मळमळ, डोके जड होणे, गोंधळ ही तिची लक्षणे उष्णतेच्या त्रासाशी मिळतीजुळती असल्याने अज्ञ मनुष्य आणखी पाणी पाजतो. अतिजलपानाचा निषेध आपल्या शास्त्रात आहेच.

गुरुजींना आम्ही तहानेप्रमाणे प्यावयास सांगितले, आणि सायकलवरील दोन बाटल्यांपैकी एकीत सैंधव घातलेली भाताची पातळ पेज दिली. दीर्घ श्रमात ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे आजचे मत आहे. पेज, खजूर आणि केळी यांतून ते सहज साधते. बाजारातील गोड लगद्यांच्या पुड्या त्यांनी सरावात घेऊन पाहिल्या होत्या, त्यांना त्या सोसल्या नाहीत. सात्म्य हा शब्द येथे किती नेमका बसतो! स्पर्धेच्या दिवशी नवे काहीही पोटात जाऊ नये.

ऑक्टोबर म्हणजे शरद, पित्तप्रकोपाचा काळ. त्यात समुद्रकिनाऱ्याची आर्द्रता. शीतकाळ व वसंत वगळता इतर ऋतूंत व्यायाम अर्ध्याहूनही कमी असावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. उष्माघाताविषयी एवढेच सांगणे आवश्यक आहे की, श्रमजन्य उष्माघातात अंगावर घाम असू शकतो. घाम आहे म्हणून निश्चिंत राहू नये. बुद्धिभ्रम दिसताच रुग्णास थंड पाण्यात बसवावे. औषधाच्या शोधात वेळ दवडू नये. तसेच श्रमानंतर मूत्र गडद तपकिरी झाल्यास तो स्नायूंच्या नाशाचा संकेत असून वृक्कांना धोका असतो. अशा वेळी आणि स्पर्धेदरम्यानही वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात.

स्पर्धेचा दिवस

या वेळी गुरुजी चार दिवस आधी गोव्यास गेले आणि रोज सकाळी समुद्रात उतरले. स्पर्धेत पोहणे मुदतीच्या सात मिनिटे आधी संपले. सायकलवर दोनदा चाक पंक्चर झाले. त्यात अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला. तो भरून काढण्याचा मोह अनावर होता, असे ते सांगतात. तोंड उघडले, वेग वाढला, आणि वीस मिनिटांत पोटात गोळा आला. तेव्हा वेग पुन्हा खाली आणला. धावण्याच्या टप्प्यात बाराव्या किलोमीटरला पोटऱ्यांत उद्वेष्टन आले. ते थांबून बसले नाहीत. आठ मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे असा क्रम त्यांनी ठरवून घेतला आणि शेवटपर्यंत पाळला. मुदत संपण्यास नऊ मिनिटे असता त्यांनी रेषा ओलांडली. आमच्या दूरध्वनीवर त्यांचा पहिला प्रश्न मूत्राच्या वर्णाविषयी होता.

श्रमहर म्हणून सात दिवस कोमट तीळतेलाचा मृदू अभ्यंग, आरंभी लघु आहार आणि रात्री दूध-तूप, एवढेच योजिले. पंधरा दिवस संपूर्ण विश्रांती घ्यावी असे आम्ही लिहून दिले होते. पूर्ण पल्ल्याच्या स्पर्धेविषयी त्यांनी विचारले, तेव्हा वर्षभराची वही पाहिल्याशिवाय त्यावर बोलणार नाही असे सांगितले. परतल्यानंतर चौथ्या दिवशी ते बांधीत विळा घेऊन कापणीला उभे असलेले दिसले. आम्ही हरकत घेतली. त्यांनी ढगांकडे बोट दाखविले; धान पिकून उभे होते.